थर्माकोल सडत नाही, म्हणून हेल्मेट अमर होत नाही

हेल्मेटला मुदत असते असं कुणी म्हटलं की सुरतेत एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा माणूस बावळट नसतो, हे आधीच सांगून ठेवतो. प्रश्न असा : थर्माकोल शेकडो वर्षं सडत नाही असं तुम्हीच सांगता, त्याच्यापायी महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये ताटल्या-वाट्या बंद केल्या, गणपतीची मखरं गेली, मग तोच थर्माकोल हेल्मेटात बसला की पाच वर्षांत बाद कसा होतो? पुढचं वाक्य ठरलेलं. ‘हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे, भाऊ.’ लिंबायत, उधना, डिंडोली, कुठल्याही चहाच्या लारीवर हा युक्तिवाद ऐकायला मिळतो. त्याला माना डोलावणारे पाच-सहा जण असतात आणि त्यांच्या मोपेडच्या आरशांना आठ-दहा वर्षांची हेल्मेटं लटकलेली असतात.

त्या युक्तिवादाला उत्तर द्यायचं तर त्यात जे खरं आहे ते आधी देऊन टाकावं लागेल. ते थोडंथोडकं नाही.

अमुक वर्षांनी हेल्मेट बाद करा, असं मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पाच वर्षांचा आकडा जगभर फिरला तो मुख्यतः अमेरिकेतल्या स्नेल फाउंडेशनमुळे. पीट स्नेल हा मोटार शर्यतीतला चालक १९५६ मध्ये डोक्याला मार लागून गेला आणि पुढच्या वर्षी त्याच्या नावाने ही संस्था उभी राहिली. पाच वर्षं हा प्रयोगशाळेत मोजून सापडलेला आकडा आहे, असा दावा ही संस्थाही करत नाही. चिकटवण्याचा डिंक, कवचातली राळ, घाम, केसांचं तेल आणि रोजची झीज हिशेबात धरून सावधगिरीने काढलेला तो अंदाज आहे. शिवाय कॅनडातल्या काही अपघात-अभियंत्यांनी लोकांनी वर्षानुवर्षं वापरलेली सायकलची हेल्मेटं जमवून त्यांच्या आतला फोम तपासला. त्यातली काही वीस वर्षांच्याही पुढची होती. नुसतं वय वाढलं म्हणून फोमची धक्का पचवण्याची ताकद घटल्याचं त्यांना आढळलं नाही.

म्हणजे पहिली फेरी लारीवरच्या वकिलाने जिंकली. थर्माकोल खरंच म्हातारा होत नाही.

पण तो मरतो, आणि एका फटक्यात मरतो, ही दुसरी फेरी आहे. तिच्याकडे जायच्या आधीच वकीलसाहेब उठून निघालेले असतात.

हेल्मेट डोकं वाचवतं ते कडक असल्यामुळे, असा समज फार खोल रुजला आहे. दुकानात लोक हेल्मेटवर टिचक्या मारून पाहतात, कुणी गुडघ्यावर आपटून पाहतं. मात्र कडक कवचाचं मुख्य काम आहे टोकदार वस्तू अडवणं आणि मार मोठ्या भागावर पसरवणं. मेंदू वाचतो तो आतल्या पांढऱ्या थरामुळे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रॉथ आणि लोम्बार्ड यांना १९५३ मध्ये ज्या हेल्मेटचं पेटंट मिळालं, त्याची सगळी हुशारी इथेच होती : आत असा थर बसवा जो धडकेत स्वतः चिरडला जाईल. तो जितका चिरडतो तितका वेळ डोक्याला थांबायला मिळतो, आणि कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. एकदा चिरडलेला थर मूळ जाडीला परत येत नाही. विजेच्या फ्यूजसारखं हे काम आहे : जळाला म्हणून घर वाचलं, पण तोच फ्यूज पुन्हा लावता येत नाही.

गंमत अशी की बाहेरचं एबीएस प्लास्टिकचं कवच लवचीक असतं. धडकेत ते आत दबतं आणि क्षणात बाहेर येतं. चार ओरखडे राहतात. मालक ओल्या फडक्याने पुसतो आणि म्हणतो, ‘बघा, काही झालं नाही.’ आत काय झालं ते बघायला अस्तर उचकटावं लागतं, आणि उचकटूनही उघड्या डोळ्यांना कळेलच असं नाही. ‘माझं अजून नव्यासारखं दिसतं’ हा पुरावा म्हणून मला सगळ्यात कच्चा वाटतो, कारण दिसतं ते कवच आणि काम करतो तो थर. कॅनडातल्या अभ्यासाचा आधार घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की ती धडक न बसलेली हेल्मेटं होती, आणि प्रश्न फक्त फोमपुरता विचारला होता.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द सुनावणं भाग आहे. हेल्मेट हातातून एकदा सटकलं की फेकून द्या, असं छातीठोक सांगणारेही आहेत. हिशेब करून बघू. सव्वा किलोच्या आसपासचं रिकामं हेल्मेट सीटवरून, म्हणजे साधारण मीटरभर उंचीवरून पडलं तर त्यात बारा ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. युरोपच्या ईसीई मानकात चाचणीचा वेग बराच काळ सेकंदाला साडेसात मीटर होता. म्हणजे ताशी २७ किलोमीटर, किंवा जवळजवळ तीन मीटरवरून पडणं. पाच किलोचं नकली डोकं आत ठेवून त्या वेगाने आपटलं तर ऊर्जा १४० ज्यूलच्या घरात जाते. बारा आणि एकशे चाळीस. शिवाय रिकाम्या हेल्मेटात आतून थराला दाबणारं डोकंच नसतं. तेव्हा एकदा सटकलं तर नीट तपासा, वापरा. रोज डिकीवरून गडगडत असेल तर गोष्ट वेगळी. आणि डोक्यावर असताना आपटलं असेल, मग कितीही हळू पडला असाल, वाद संपला.

आता थर्माकोलच्या अमरत्वाकडे परत. जो थर्माकोल मातीत पिढ्यान्पिढ्या तसाच राहतो तो वाटीभर पेट्रोलमध्ये टाकून बघा. बघता बघता त्याचा चिकट गोळा होतो. थिनर, ॲसिटोन, काही स्प्रे-रंग हे सगळे त्याचे वैरी. सडणं म्हणजे जिवाणूंनी खाणं. ते त्याच्या नशिबी नाही. विरघळणं, दबणं, उष्णतेने आक्रसणं हे मात्र आहे. सुरतेसारख्या शहरात त्याची गाठ यांच्याशीच पडते. पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये काम करणारा माणूस हाताला लागलेला रंग ज्या थिनरने काढतो त्याच थिनरच्या बोळ्याने हेल्मेटवरचा डागही पुसतो. पॉलिकार्बोनेटच्या कवचाला असल्या द्रावणाने केसासारख्या बारीक चिरा पडू शकतात, आणि त्या धडकेपर्यंत गप्प बसतात. पेट्रोलपंपावर टाकीच्या तोंडाशी हेल्मेट उलटं धरून उभे राहणारेही कमी नाहीत. आरशाच्या दांडीवर ते टांगायची सवय तर सार्वत्रिक. त्या दांडीचं टोक आतल्या थरात रोज एकाच जागी रुततं आणि काही महिन्यांत तिथे खळगा पडतो. तो खळगा नेमका टाळूवर असतो.

आणि हेल्मेट म्हणजे फक्त फोम नव्हे, हे तर या वादात कुणाच्या लक्षातच राहत नाही. तापीच्या काठचा दमट उन्हाळा, दिवसातून दोनदा डोक्यातून निथळणारा घाम, त्यात खोबरेल. आतली स्पंजाची गादी पहिल्या वर्षी गालांना घट्ट धरते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी मान हलवली की हेल्मेट वेगळं आणि डोकं वेगळं फिरतं. सैल हेल्मेट पहिल्या आपटीला पुढे किंवा मागे सरकतं, आणि रस्त्याशी गाठ पडते तेव्हा कपाळ उघडं असतं. हनुवटीचा पट्टा रिव्हेटपाशी विसविशीत होतो. प्लास्टिकचं क्लिप-बक्कल ‘टक्’ असा आवाज करतं, पण हिसका दिला की सुटतं. थर्माकोल टिकला म्हणून काय झालं? तो डोक्यावर टिकायला हवा ना. माझ्या मते हेल्मेटं म्हातारी होतात ती इथे, आणि हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पट्टा लावा, पुढे वाका, मागून कुणालातरी हेल्मेट वर ओढायला सांगा. निघालं, तर ते कितव्या वर्षाचं आहे याला काही अर्थ उरत नाही.

मग पाच वर्षं हा आकडा आला कुठून, हे आता उघड आहे. तो गादीचा, पट्ट्याचा, कवचाचा, डिंकाचा आणि माणसाच्या हलगर्जीपणाचा मिळून काढलेला अंदाज आहे. तो ढोबळ आहे. ढोबळ असणं वेगळं आणि लबाड असणं वेगळं.

‘कंपन्यांचा धंदा’ म्हणणाऱ्यांशी मी इथे पुरता भांडायला तयार आहे. धंदा आहेच. स्टड्स फरिदाबादची, वेगा आपल्या बेळगावची. हेल्मेटं विकणं हाच त्यांचा उद्योग. नागोठण्याजवळच्या कारखान्यात थर्माकोलचे मणी तयार होतात तेही धर्मादाय म्हणून नव्हे. पण सांगणाऱ्याचा फायदा आहे म्हणून सांगितलेलं खोटं, हा कुठला न्याय? मग इंजिन ऑइल बदलूच नये, कारण तेही कंपनी विकते. तेच गृहस्थ मोपेडचं ऑइल आणि ब्रेकशू न चुकता बदलतात, आणि त्या वेळी कट-कारस्थानाचा संशय त्यांना शिवत नाही. बाराशे रुपयांचं आयएसआय हेल्मेट पाच वर्षं वापरलं तर वर्षाला २४० रुपये पडतात, दिवसाला सत्तर पैशांच्या आत. कापडबाजारात रिंगरोडवर मीटरमागे पैशापैशाची घासाघीस करणाऱ्या शहराला हा हिशेब मांडून दाखवावा लागतो, हेच नवल.

खरा लुबाडणूक करणारा धंदा दुसरीकडेच चालतो आणि त्यावर लारीवर चकार शब्द निघत नाही. पोलिसांनी मोहीम काढली की चार रस्त्यांच्या कडेला हेल्मेटांच्या माळा लागतात. दोन-अडीचशे रुपये. आत थर्माकोलच्या जागी कधी पातळ पट्टी, कधी नुसता स्पंज. केंद्र सरकारच्या आदेशानुसार १ जून २०२१ पासून आयएस ४१५१ प्रमाणे आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. तरी ती मिळतात, काहींवर आयएसआयचा खोटा शिक्काही असतो. चिन्हासोबतचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा-खोटा पाहता येतो. किती जण पाहतात? अशा हेल्मेटची मुदत तीन वर्षं की पाच, ही चर्चाच व्यर्थ. ते मेलेलंच जन्माला येतं. हेल्मेट कधी बदलायचं याचं पहिलं उत्तर म्हणूनच असं आहे : रस्त्यावरून घेतलं असेल तर आजच.

त्या माळा विकल्या जातात कारण आपण हेल्मेट डोक्यासाठी घेत नाही, पोलिसांचा दंडाचा मेमो चुकवण्यासाठी घेतो. या बाबतीत सरकारनेही आपल्याला चांगले धडे दिलेले नाहीत. केंद्राने २०१९ च्या दुरुस्तीत हेल्मेट नसल्याचा दंड एक हजार केला, गुजरातने तो पाचशेवर आणला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक, असा निर्णय जाहीर झाला. काही आठवड्यांतच हायकोर्टात हेल्मेट बंधनकारकच असल्याचं सांगायची पाळी आली. सुरतेत २०२५ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी कडक अंमलबजावणी सुरू केली. पुण्यात तर १ जानेवारी २०१९ ला सक्ती लागू होताच लोक पगड्या घालून रस्त्यावर उतरले होते, तेव्हा नावं ठेवायची तर एकट्या सुरतेला ठेवता येणार नाहीत. या सगळ्या ओढाताणीत हेल्मेट म्हणजे कॅमेऱ्याला दाखवायची वस्तू, हे मनात पक्कं बसलं. कॅमेऱ्याला दहा वर्षांचं हेल्मेट आणि कालचं हेल्मेट सारखंच दिसतं.

कायदा मात्र कॅमेऱ्यापेक्षा शहाणा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट कशाला म्हणायचं याचा खुलासा दिला आहे. आकार, साहित्य आणि बांधणी पाहता अपघातात काही प्रमाणात तरी संरक्षण मिळेल अशी वाजवी अपेक्षा ज्याच्याकडून करता येते, आणि जे पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं आहे, ते हेल्मेट. दोन्ही अटी हव्यात. या व्याख्येला पाच वर्षांची तारीख लागतच नाही. ज्याचा थर एकदा चिरडला आहे, ज्याचं बक्कल लागत नाही, ज्याची गादी गेली म्हणून ते गरगर फिरतं, ते कायद्याच्या भाषेत हेल्मेटच उरत नाही, मग बिल मागच्या महिन्याचं का असेना. ‘कायद्यात मुदत कुठे लिहिली आहे?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच : तारीख लिहिली नाही, कसोटी लिहिली आहे, आणि ती तारखेपेक्षा कडक आहे.

आकडेवारीही आपल्याला पूर्ण गोष्ट सांगत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ७४,८९७ दुचाकीस्वार रस्त्यावर मेले. हेल्मेट नव्हतं म्हणून नोंदलेले मृत्यू ५०,०२९. मग उरलेले जवळपास पंचवीस हजार? सगळेच डोक्याच्या माराने गेले नसतील, कुणाची छाती, कुणाचं पोट. पण त्यांच्या डोक्यावर जे होतं ते कसलं होतं, कधीचं होतं, पट्टा लावलेला होता का, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. चांगलं हेल्मेट काय करतं हे मात्र ठाऊक आहे : जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं.

त्या ५०,०२९ पैकी १४,३३७ जण मागच्या सीटवरचे होते. जुन्या हेल्मेटांचा खरा प्रवास कळतो तो इथे. घरात नवं हेल्मेट आलं की जुनं फेकलं जात नाही. ते मागच्या सीटला बढतीवर जातं. नवऱ्याचं नवं, बायकोला त्याचं जुनं, दोन माप मोठं. तिथेही नको झालं की खानदेशात. सुरतेतली कितीतरी मराठी घरं धुळे, नंदुरबार, जळगावकडची. दिवाळीला, लग्नाला, अक्षय्य तृतीयेला आखाजीसाठी माणसं गावी जातात, आणि सामानाबरोबर चुलतभावासाठी जुनं हेल्मेटही जातं. ‘गावातल्या गावात चालतं,’ असं म्हणून. तो भाऊ मग तेच घालून नवापूर-विसरवाडीच्या महामार्गावर, कोंडाईबारीच्या घाटात ट्रकांच्या रांगेत मोटारसायकल घालतो. शहरात चाळीसच्या वेगाला जे तुम्ही नाकारलं ते महामार्गावर ऐंशीच्या वेगाला त्याला दिलंत. याला मी दानत म्हणणार नाही. लहान मुलांचंही तसंच. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि बांधायचा पट्टा हवा, हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. पण थोरल्याचं हेल्मेट धाकट्याला, ही कपड्यांची रीत इथे लावली जाते. कपडे सैल झाले तर हसतात, एवढंच.

हजिऱ्याच्या रस्त्यावर सुट्टीच्या वेळी उभं राहिलं की आणखी एक प्रकार दिसतो : मोटारसायकलवर पिवळं कारखान्याचं हेल्मेट. हे हेल्मेट वरून पडणाऱ्या नट-बोल्टासाठी असतं. त्याचं मानकच वेगळं, आयएस २९२५. आत थर्माकोल नाही, पट्ट्यांची जाळी असते. बाजूने आपटलं तर ते जवळजवळ निरुपयोगी. आणि मुदतीच्या बाबतीत ते दुचाकीच्या हेल्मेटपेक्षा नाजूक. एचडीपीई प्लास्टिक उन्हात पांढुरकं पडतं, बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी लागते. तेव्हा ते ठिसूळ झालेलं असतं. हे हजिऱ्याला शिकवायला नको, तिथे पॉलिएथिलीन तयारच होतं. या हेल्मेटाच्या आत घड्याळासारखं एक वर्तुळ उठवलेलं असतं, त्यातला बाण बनवल्याचा महिना दाखवतो. चांगल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी ते बघून हेल्मेट बदलून देतो, सही घेतो. तोच कामगार गेटाबाहेर आल्यावर आपल्या दुचाकीच्या हेल्मेटचं वय मोजत नाही, कारण तिथे सही घेणारं कुणी नाही.

मग बदलायचं कधी? पाच वर्षांच्या आकड्याची शपथ मी घेणार नाही. रोज घाम, तेल आणि ऊन खाणारं हेल्मेट तीन वर्षांतही जाईल. कपाटात पिशवीत राहणारं आणि महिन्यातून दोनदा निघणारं सात वर्षंही चांगलं राहू शकेल. पण ज्याला हेल्मेट तपासायचा आळस आहे, त्याने पाच वर्षांवर रेघ मारावी. तपासायचंही नाही आणि रेघही नको, असे दोन्ही फायदे एकदम मिळणार नाहीत. नवं घेताना दुकानदाराला किंमत विचारायच्या आधी आतल्या लेबलवरचा बनवल्याचा महिना दाखवायला सांगावं. दोन वर्षं फळीवर पडून राहिलेला माल सवलतीच्या नावाखाली गळ्यात मारतात.

आणि जे बाद केलं ते मागच्या सीटला देऊ नये, गावाला देऊ नये, ओट्यावर ठेवू नये. कात्रीने पट्टा मुळापाशी कापावा, आतला थर फोडावा आणि मगच भंगारवाल्याला द्यावं. नाहीतर पुढच्या मोहिमेच्या दिवशी तेच हेल्मेट पुसूनपासून कुठल्यातरी फुटपाथवर दीडशे रुपयांना टांगलेलं असेल, आणि घेणारा घासाघीस करून ते एकशे तीसला नेईल.